कंपनीचं नेट झिरो आणि आपल्या उसाचं पाचट

सोलापुरात किराणा दुकानातून आपण जी जेमिनी तेलाची पिशवी आणतो, तिच्यामागे कारगिल नावाची कंपनी आहे. १८६५ साली अमेरिकेत धान्याच्या एका कोठारापासून सुरू झालेली ही कंपनी आज धान्य, तेलबिया, पशुखाद्य, मांस, कोको अशा कितीतरी मालाचा व्यापार करते. शेतमालाच्या व्यवहारात तिच्याएवढ्या मोठ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. हवामान बदलाबाबत तिने जी लक्ष्यं जाहीर केली, त्यातली दोन अशी : स्वतःच्या कारखान्यांतून होणारं उत्सर्जन (हवा तापवणाऱ्या वायूंचं) २०१७ च्या मानाने २०२५ पर्यंत १० टक्के कमी करू, आणि पुरवठा साखळीतलं उत्सर्जन २०१७ च्या मानाने २०३० पर्यंत, विकलेल्या मालाच्या दर टनामागे, ३० टक्के कमी करू.

वाचताना दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात. पण पहिल्यातलं उत्सर्जन कंपनीच्या कुंपणाच्या आत आहे आणि दुसऱ्यातलं बहुतेक सगळं कुणाच्या तरी शेतात. शेतमालावर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीची हीच गत आहे. तिचं वचन पुरं होणार की नाही हे शेतकऱ्याच्या बांधाआड ठरतं. आणि तिथे जो बदल करायचा त्याचा खर्च कुणी सोसायचा, हे त्या वचनात क्वचितच स्पष्ट लिहिलेलं असतं. सोलापूरसारख्या उसाच्या आणि कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने हा विषय समजून घ्यायला हवा, तो याचसाठी.

धुराचे तीन हिशेब

कंपन्या उत्सर्जन मोजतात ते बहुतेक ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या पद्धतीने. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्सर्जनाचे तीन भाग केलेत, त्यांना स्कोप म्हणतात. माढा, माळशिरस, मंगळवेढा, कुठल्याही तालुक्यातला साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. आवारात जे जळतं, म्हणजे कोळसा, जनरेटरचं आणि कारखान्याच्या स्वतःच्या गाड्यांचं डिझेल, तो स्कोप एक. बाहेरून विकत घेतलेली वीज बनताना जो धूर निघाला तो स्कोप दोन. आणि कारखान्याच्या मालकीचं नसलेलं, पण त्याच्या धंद्यापायी होणारं बाकीचं सगळं स्कोप तीन : शेतकऱ्याने टाकलेला युरिया, पाणी उपसणारी मोटर, ऊस आणणारा ट्रॅक्टर, साखर नेणारा ट्रक.

मग बॉयलरमध्ये रात्रंदिवस जळणाऱ्या बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं, काय? त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतोच. पण तो उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढचा ऊस तो पुन्हा ओढून घेतो. म्हणून तो तीन स्कोपमध्ये न धरता वेगळा दाखवायचा असा नियम आहे. बगॅसवर चालणाऱ्या कारखान्याचा स्कोप एक त्यामुळे लहान दिसतो, आणि उसाच्या शेतातला स्कोप तीन त्याच्या शेजारी आणखीच मोठा दिसतो.

एकच धूर दोन-तीन कंपन्यांच्या हिशेबात दिसू शकतो, यानेही लोक गोंधळतात. फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्या चिमणीतून निघालेला एक टन कार्बन डायऑक्साइड हा एनटीपीसीचा स्कोप एक. ती वीज चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने वापरली असं समजा, तर तोच टन त्या कारखान्याचा स्कोप दोन. आणि त्या कारखान्याचा माल घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा तोच टन स्कोप तीन. यात लबाडी काही नाही. पद्धतच तशी आखली आहे, म्हणजे जिच्या हातात जेवढी सूत्रं तिने तेवढी जबाबदारी घ्यावी. मात्र सगळ्या कंपन्यांचे आकडे एकत्र करून देशाचं उत्सर्जन काढता येत नाही, हे लक्षात असू द्यावं.

शेतमालाच्या कंपन्यांत स्कोप तीन किती मोठा असतो? न्यूझीलंडची फोन्टेरा ही दूध कंपनी घ्या. ती शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे, म्हणून आपल्याला जवळची. तिच्या एकूण उत्सर्जनापैकी ८५ टक्क्यांहून जास्त गोठ्यात आणि कुरणात होतं. दुधाची भुकटी करणारे प्रचंड कारखाने, टँकर, जहाजं हे सगळं उरलेल्या थोड्या टक्क्यांत बसतं.

एका गोणीचा हिशेब

हे उत्सर्जन शेतात नेमकं होतं कसं? धूर तर दिसत नाही. उसाच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटा नत्रखताचा, म्हणून युरियाची एक गोणी घेऊन बसू.

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २०.७ किलो. हे सगळं पिकाला मिळत नाही. काही पाण्याबरोबर निचरून जातं, काही अमोनिया होऊन उडतं, आणि थोडं मातीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड वायू बनून हवेत जातं. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या ढोबळ मापाने टाकलेल्या नत्रापैकी सुमारे एक टक्का असा जातो. कोरड्या रानात कमी, सतत ओल्या रानात जास्त. एक टक्का धरला तर एका गोणीमागे साधारण ३२५ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो.

आकडा किरकोळ वाटेल. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. म्हणजे ते ३२५ ग्रॅम ८९ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे झाले. शिवाय युरिया मातीत विरघळताना त्यातला कार्बन सुटतो, त्याचे ३३ किलो. एका गोणीचे झाले सुमारे १२२ किलो, आणि हे शेतातलंच. नैसर्गिक वायू वापरून तो युरिया कारखान्यात बनवताना जे निघालं ते यात धरलेलं नाही.

सुरू उसाला (हिवाळ्यात लावलेल्या) हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. सगळं नत्र युरियातून दिलं तर जवळपास पाच गोण्या, आणि एकरी ६०० किलोच्या आसपास उत्सर्जन. आडसालीला (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या उसाला) शिफारसच याहून जास्त आहे. आणि शिफारशीवर न थांबता ‘अजून एक गोणी टाकू, पीक काळंभोर दिसेल’ म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. ती जादाची गोणी उसाच्या फारशी उपयोगी पडत नाही, खिशाला भारी पडते आणि हवेत जाते. खत ड्रिपमधून हप्त्याहप्त्याने दिलं तर कमी नत्रात तेवढंच पीक निघतं. उत्सर्जन घटवणारा आणि शेतकऱ्याचाही पैसा वाचवणारा असा उपाय या विषयात दुर्मिळ आहे, म्हणून मी तो पहिला ठेवतो.

दुसरा उपाय पाचटाचा. तोडणी झाली की खोडव्यात (बुडख्यांवर पुन्हा फुटणाऱ्या उसात) एकरी तीन ते चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उरतं. काडी लावली की तासाभरात रान मोकळं. पाचट जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड बगॅससारखाच वेगळा धरला जातो, पण सोबत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतात आणि ते हिशेबात येतात. आयपीसीसीच्या मापाने एकरी अडीचशे किलोच्या आसपास. शिवाय पाचटात अर्ध्या टक्क्याच्या घरात नत्र असतं. साडेतीन टन पाचट जाळलं तर सतरा-अठरा किलो नत्र गेलं, म्हणजे जवळजवळ एक गोणी युरिया. ते सरीत दाबून, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धक टाकून कुजवलं तर ओल टिकते आणि पाण्याची एखादी पाळी लांबते.

मग लोक जाळतात का? कारण पाचट एक सरीआड लावायला, बुडखे तासायला मजूर लागतो, मधल्या पाण्याला पाटात अडथळा होतो, उंदीर होतात. हे सगळे खरे खर्च आहेत. ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती करू’ असं कंपनीच्या अहवालात वाचलं की मला वाईट वाटतं. पाचट कुजवण्याचे फायदे शेतकऱ्याला ठाऊक असतात, त्याला मजुरी परवडत नसते.

मोटरीचं थोडक्यात सांगतो. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे आज सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. दहा अश्वशक्तीची मोटर तासाला साडेसात युनिटच्या आसपास ओढते, म्हणजे तासाला पाच किलोहून जास्त. सौर पंप बसला की हा भाग जवळजवळ शून्य होतो. यात शेतकऱ्याचं कसब लागत नाही, फक्त भांडवल लागतं.

टनामागे, की एकूण?

आता कारगिलचं दुसरं वचन पुन्हा वाचा : ‘विकलेल्या मालाच्या दर टनामागे’. समजा एखादी कंपनी १०० टन माल विकते आणि टनामागे एक टन उत्सर्जन होतं. एकूण १००. तिने टनामागचं उत्सर्जन ३० टक्के घटवलं, ०.७ वर आणलं. पण धंदा वाढून विक्री १५० टनांवर गेली. एकूण उत्सर्जन झालं १०५. वचन शब्दशः पाळलं गेलं आणि हवेत मात्र आधीपेक्षा जास्त गेलं. हवेला टनामागचं कळत नाही, तिला एकूणच कळतं.

टनामागचं माप निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. लोकसंख्या वाढते, अन्न जास्त लागतं, आणि कमी उत्सर्जनात तेवढंच अन्न पिकवणं ही खरी प्रगती आहे. आपल्या देशाचं वचनही त्याच जातीचं आहे : २०३० पर्यंत जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या मानाने ४५ टक्के कमी. पण मथळ्यात नुसतं ‘३० टक्के कपात’ छापलं की वाचणारा एकूण कपात समजतो. तिथे फसगत होते.

सातबारा हातात आला की आपण नुसतं नाव बघून घडी घालत नाही, इतर हक्कांचा रकाना बघतो, कारण बोजा तिथे असतो. कंपनीच्या वचनातही मथळ्याखाली बघायचं : कुठला स्कोप धरला, एकूण की टनामागे, आधारवर्ष कोणतं, आणि जंगलाचं काय.

जंगलाचं सोलापुरातून लक्षात येत नाही, म्हणून सांगतो. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातून आणतो : पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. तिथे जंगल किंवा गवताळ रान मोडून शेत काढलं की झाडांत आणि मातीत शेकडो वर्षं साठलेला कार्बन काही वर्षांत सुटतो. त्यापुढे युरियाचा हिशेब लहान पडतो. कारगिलने २०१९ मध्ये स्वतःच सांगितलं की जंगलतोड थांबवण्याचं २०२० चं लक्ष्य अन्नउद्योगाला गाठता येणार नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वेसाठी २०२५ ही नवी मुदत जाहीर केली. कंपन्यांची लक्ष्यं तपासणाऱ्या एसबीटीआय या संस्थेनेही सप्टेंबर २०२२ मध्ये शेती-जमिनीसाठी वेगळे नियम आणले. त्यात जमिनीचं उत्सर्जन वेगळं दाखवणं आणि जंगलतोडमुक्त खरेदीचं वचन देणं बंधनकारक केलं. बार्शीच्या आडतीत सोयाबीन घालणाऱ्याला वाटेल, यात आपला काय संबंध? संबंध भावाचा आहे. जंगल मोडून पिकवलेल्या सोयाचं तेल स्वस्तात येतं, आणि आपल्या सोयाबीनला त्याच्याशी टक्कर द्यावी लागते.

वचन मोडलं तर?

बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण ही वचनं स्वेच्छेची असतात. एक उदाहरण मात्र बघण्यासारखं आहे. ब्राझीलची जेबीएस ही जगातली सर्वांत मोठी मांस कंपनी. तिने २०२१ मध्ये जाहीर केलं की २०४० पर्यंत आम्ही नेट झिरो होऊ. म्हणजे उत्सर्जन जमेल तितकं खाली आणायचं आणि जे उरेल तेवढा कार्बन हवेतून काढून घ्यायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी कंपनीच्या अमेरिकी शाखेवर दावा लावला. म्हणणं असं की वचन पुरं करण्याजोगी योजनाच नसताना त्याची जाहिरात करून ग्राहकांची दिशाभूल केली. २०२५ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ११ लाख डॉलर द्यायचे, ते न्यूयॉर्कच्या शेतकऱ्यांना उत्सर्जन घटवायला मदत म्हणून वापरायचे, आणि नेट झिरोचा उल्लेख वचन म्हणून करायचा नाही, असं ठरलं. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे काहीच नव्हे. पण पैसा शेवटी शेतकऱ्याकडे वळवावा लागला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्कोप एक आणि दोन द्यावेच लागतात, स्कोप तीन मात्र ऐच्छिक आहे. म्हणजे शेतमालाच्या कंपनीचा जो हिस्सा सर्वांत मोठा, तोच तिने नाही दाखवला तरी चालतं. आणि सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नसल्याने ते या नियमात येतच नाहीत.

तरीही हा विषय कारखान्यापर्यंत येतोच, गिऱ्हाइकाच्या वाटेने. थंड पेय, चॉकलेट, बिस्किटं करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या स्कोप तीनमध्ये साखर आहे. त्यांना आकडे हवेत, म्हणून त्या कारखान्याला विचारतात. कारखाना चिटबॉयला, म्हणजे गावोगावी उसाची नोंद ठेवणाऱ्या आपल्या माणसाला, सांगतो, आणि चिटबॉय बांधावर येऊन विचारतो : गोण्या किती टाकल्या, पाचट जाळलं का? बॉन्सुक्रोसारख्या उसाच्या प्रमाणपत्रात उत्सर्जनाचा हिशेब असतोच.

पैसे कुणी द्यायचे

इथे फोन्टेराकडे पुन्हा बघावं लागतं. तिने नोव्हेंबर २०२३ मध्ये लक्ष्य ठेवलं : २०१८ च्या मानाने २०३० पर्यंत शेतावरचं उत्सर्जन, दुधाच्या उत्पादनामागे, ३० टक्के कमी. तेही टनामागचंच. पण २०२५ मध्ये तिने एक पाऊल पुढे टाकलं. ज्या सभासदांचं उत्सर्जन कमी, त्यांना दुधाच्या दरावर जादा पैसे द्यायचं ठरवलं, आणि त्यातला मोठा वाटा मार्स आणि नेस्ले या गिऱ्हाईक कंपन्यांकडून घेतला. ज्या कंपनीला आपला स्कोप तीन कमी झालेला दाखवायचा आहे, तिने त्याची किंमत दुधाच्या बिलात मोजायची. हे मला न्याय्य वाटतं. उसाच्या बिलातही पाचट न जाळल्याचे टनामागे काही रुपये वेगळे दिसायला हवेत. जळीत उसाच्या दरात कपात लागते, मग न जाळलेल्या पाचटाला वाढ का नको?

यातही एक उणीव राहते. कार्बनच्या हिशेबात पाणी दिसत नाही. ड्रिपवरचा, पाचट कुजवलेला ऊस कार्बनच्या कागदावर उत्तम ठरेल, पण तो उजनी धरणाच्या पाण्यावरच उभा असेल. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही बरीच खाली, गेली होती, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने माढा-मोहोळकडची उभी पिकं झोपवली. उलट मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी रब्बीच्या ओलीवर येते, युरिया जेमतेम मागते, मोटर तर नाहीच. २०१६ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. उत्सर्जनाच्या हिशेबात याहून चांगलं पीक या जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. पण कपात झाली तरच पैसे, या पद्धतीत तिला काही मिळत नाही, कारण तिच्यात कमी करायलाच काही नाही. जो आधीपासून कमी उत्सर्जन करतो तो कोरडा राहतो. ही त्रुटी कंपन्यांनी आणि सरकारने दुरुस्त केली पाहिजे.

राहिलं कार्बन क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन टाळलं किंवा मातीत-झाडांत साठवलं. कुणी कराराचा कागद घेऊन आलं तर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. करार किती वर्षांचा, आणि मधे शेत विकलं किंवा वाटणी झाली तर काय. क्रेडिट कितीला विकलं हे शेतकऱ्याला दाखवणार का, आणि त्यात त्याचा वाटा किती. मातीच्या तपासणीचा आणि पडताळणीचा खर्च कोण करणार. आणि हीच कपात आपला कारखाना त्याच्या गिऱ्हाइकाला दाखवणार आहे का. कारण बाहेरच्या कंपनीला विकलेली कपात कारखान्याने पुन्हा आपली म्हणून मोजायची नसते. एका एकराची एकच कपात एकदाच विकता येते, तेव्हा ती कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याने हातात ठेवावा.

आणि या हंगामापासून एक साधी वही घाला : कुठल्या गटात किती गोण्या, पाचट जाळलं की कुजवलं, मोटर किती तास. उद्या कुणी कपातीचे पैसे द्यायला आलं, तर ‘आधी किती होतं’ हे तो पहिल्यांदा विचारेल, आणि ते नंतर आठवून लिहिलेलं चालत नाही.